अणुऊर्जा, कोळसा, पाणी, वारा आणि ऊन : ऊर्जास्रोतांविषयीच्या लोकमताबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात विजेच्या भवितव्याची चर्चा निघाली की "लोकांना अणुऊर्जा हवी आहे की नको?" हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो असा विचारला जातो की जणू त्याचे एकच उत्तर असावे. या पानावर तो प्रश्न मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात, म्हणजे जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाच्या परिसरात ठेवून पाहिला आहे, कारण वीज वापरणाऱ्याचे मत आणि वीजप्रकल्पाशेजारी राहणाऱ्याचे मत यांतील अंतर तिथे अगदी स्पष्ट दिसते.

भारतातील बहुसंख्य लोक अणुऊर्जेच्या बाजूने आहेत, हे खरे आहे का?

या विधानाला आधार म्हणून बहुधा एक पाहणी पुढे केली जाते. जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या दुर्घटनेनंतर, एप्रिल २०११ मध्ये, इप्सॉस या संस्थेने २४ देशांत लोकमत अजमावले. सर्व देश मिळून सुमारे ६२ टक्के लोकांनी अणुऊर्जेला विरोध नोंदवला आणि बहुमताचा पाठिंबा केवळ भारत, पोलंड आणि अमेरिका या तीन देशांत आढळला. ही आकडेवारी खोटी नाही. मात्र पाहणी इंटरनेटवरून झाली होती. त्या काळी भारतात इंटरनेट कोणाकडे होते, हे आठवले की उत्तरे देणारे बहुतांशी शहरी, शिकलेले आणि प्रकल्पापासून दूर राहणारे होते हे उघड होते.

त्याच महिन्यात, १८ एप्रिल २०११ रोजी, राजापूर तालुक्यातील नाटे येथे जैतापूर प्रकल्पाविरोधात आंदोलन करणारे लोक आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा मृत्यू झाला. एकाच देशातील, एकाच महिन्यातील या दोन्ही गोष्टी लोकमतच आहेत. एक टक्केवारीत मोजली गेली आणि दुसरी मोजली गेली नाही, एवढाच त्यांच्यातील फरक आहे.

मग अशा पाहण्यांना काहीच अर्थ नाही का?

अर्थ आहे, पण तो बेतानेच लावला पाहिजे. अमेरिकेत गॅलप ही संस्था १९९४ पासून अणुऊर्जेविषयी लोकांचे मत विचारत आली आहे. २०१६ मध्ये ५४ टक्के लोकांनी विरोध नोंदवला आणि तोवरच्या पाहण्यांत विरोधकांचे बहुमत प्रथमच दिसले. २०२५ पर्यंत पाठिंबा देणारे ६१ टक्क्यांवर पोहोचले. या काळात अणुभट्ट्यांचे विज्ञान काही उलटे झाले नव्हते. २०१६ च्या विरोधाचा संबंध गॅलपने स्वस्त झालेल्या इंधनाशीही जोडला होता: इंधन मुबलक असले की लोकांना धोका पत्करण्याची गरज वाटत नाही. आपल्याकडे ज्यांनी २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमन सोसले आहे, रोज कित्येक तास अंधारात काढले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वीज नसताना माणूस कोणत्याही विजेला होकार देतो, आणि वीज नियमित झाली की ती कुठून येते याकडे त्याचे लक्ष जाते.

प्रश्नाची शब्दयोजनाही उत्तर बदलते. "वीजटंचाई दूर करण्यासाठी अणुऊर्जा असावी का?" आणि "तुमच्या गावाशेजारी अणुवीज प्रकल्प असावा का?" या प्रश्नांना एकच माणूस वेगवेगळी उत्तरे देऊ शकतो, आणि त्यात ढोंग आहे असे मला वाटत नाही.

जैतापूरला झालेला विरोध नेमका कशाला होता?

प्रकल्पाचे स्वरूप आधी पाहू. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि परिसरातील सुमारे ९३८ हेक्टर जमिनीवर प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॉट, अशी मूळ योजना होती. ती पूर्ण झाली असती तर जगातील सर्वांत मोठे अणुवीज केंद्र इथे उभे राहिले असते. भूसंपादनाची कायदेशीर प्रक्रिया २०१० च्या सुरुवातीपर्यंत उरकली. मे २०१० मध्ये पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली, नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३५ अटींसह मंजुरी दिली आणि पुढच्याच आठवड्यात फ्रान्सचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष निकोलस सार्कोझी यांच्या भारतभेटीत करार झाले.

गावकऱ्यांनी हा घटनाक्रम त्याच क्रमाने वाचला. पाहुणे येण्याची तारीख ठरली, म्हणून मंजुरी आली, असा त्यांचा समज झाला आणि तो पुसण्याचा गंभीर प्रयत्न पुढे कोणी केला नाही. जनसुनावणीबद्दलचा आक्षेप तर त्याहून मूलभूत होता. 'नीरी' या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केलेला पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा जाडजूड अहवाल इंग्रजीत होता. बाधित गावांना मराठी मजकूर वेळेत मिळाला नाही, ही तक्रार सुनावणीच्या दिवसापासून केली जात आहे. आपल्या जमिनीविषयीचा निर्णय आपल्याला न वाचता येणाऱ्या भाषेत होतो, ही भावना एकदा रुजली की नंतर मांडलेला सुरक्षिततेचा कोणताही आराखडा विश्वासार्ह ठरत नाही.

विरोधाचे सूरही एकसारखे नव्हते. माडबनचे जमीनधारक जमिनीविषयी आणि मोबदल्याविषयी बोलत होते. साखरी नाट्याचे मच्छीमार, ज्यांच्या नावावर प्रकल्पातील एक गुंठाही नव्हता आणि म्हणून ज्यांना मोबदल्याच्या हिशेबात स्थानच नव्हते, ते समुद्रात सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याविषयी आणि सुरक्षेच्या नावाखाली बंद होऊ शकणाऱ्या मासेमारीच्या पट्ट्याविषयी बोलत होते. आंबा बागायतदारांना कलमांच्या मोहोराची चिंता होती. अणू, किरणोत्सार, स्फोट हे शब्द या सर्वांच्या बोलण्यात होते, पण प्रत्येकाची सुरुवात आपापल्या उपजीविकेपासून होत होती.

जमीन पडीक होती असे सरकारी कागदपत्रांत म्हटले आहे. मग तिच्यासाठी एवढा संघर्ष का झाला?

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवे की माडबनचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार आहे. उन्हाळ्यात तो तापलेला कातळ दिसतो. पावसाळ्यात त्याच कातळावर गवत येते, गुरे चरतात, सखल भागात भात आणि नाचणी होते, आणि कातळ फोडून, माती भरून तयार केलेल्या खड्ड्यांत हापूसची आणि काजूची कलमे उभी राहतात. एक कलम पूर्ण उत्पन्न देऊ लागेपर्यंत माणसाच्या उमेदीची दहा-पंधरा वर्षे खर्ची पडतात. मे महिन्यात केलेल्या पाहणीत सडा ओसाड ठरणारच.

सातबाऱ्यावरचा 'पोटखराबा' (लागवडीस अयोग्य जमीन) हा शब्द महसुलाच्या सोयीचा आहे. त्यावरून जमिनीची किंमत ठरवली गेली, म्हणून बहुसंख्य खातेदारांनी सुरुवातीला धनादेश घेण्यास नकार दिला. २०१३ मध्ये राज्य सरकारने मोबदला हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांपर्यंत वाढवला, त्यानंतर अनेकांनी तो स्वीकारला. "पैसे वाढले आणि विरोध संपला, म्हणजे विरोध पैशांसाठीच होता," असा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो मला अन्यायकारक वाटतो. जमीन कायद्याने आधीच गेलेली असताना, कोर्टकचेऱ्यांचे बळ नसताना, मुले मुंबईत नोकरीला असताना घेतलेला मोबदला म्हणजे प्रकल्पाला दिलेली संमती नव्हे. मच्छीमारांचा विरोध तर त्यानंतरही कायम राहिला.

हा विरोध फुकुशिमामुळे निर्माण झाला का?

नाही. माडबनची जनहित सेवा समिती आणि इतर गट ११ मार्च २०११ च्या कित्येक वर्षे आधीपासून विरोध करत होते. फुकुशिमाने त्यांच्या भीतीला एक चित्र दिले: समुद्रकिनारा, भूकंप, लाट आणि अणुभट्टी. माडबनही समुद्रकिनारीच आहे, आणि हे साम्य कोणाच्याही मनात उमटणे स्वाभाविक होते.

त्या चित्राची मर्यादाही सांगायला हवी. जपानजवळ भूकवचाची एक तबकडी दुसरीखाली शिरते, म्हणून तिथे ९ रिश्टरच्या आसपासचे भूकंप होतात. कोकण किनाऱ्याखाली तशी रचना नाही आणि प्रकल्पाची जागा पठारावर, समुद्रसपाटीपासून उंचावर आहे. जैतापूर भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडते, असे प्रकल्प उभारणाऱ्या अणुऊर्जा महामंडळाचे म्हणणे आहे. परंतु २०११ मध्ये रॉजर बिलहॅम आणि विनोद गौर या भूकंपशास्त्रज्ञांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिलेल्या निबंधात, या परिसरात सुमारे ६ तीव्रतेचा भूकंप होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे दाखवून दिले. याच सह्याद्रीच्या रांगेत १९६७ साली कोयनेचा भूकंप झाला होता, हे इथले लोक विसरलेले नाहीत.

तज्ज्ञ अणुऊर्जा सुरक्षित म्हणतात आणि लोक घाबरतात. चूक कोणाची?

या प्रश्नाचा सर्वांत उपयुक्त अभ्यास पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने केला. १९८७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत ३० गोष्टींची धोक्यानुसार क्रमवारी होती. 'लीग ऑफ विमेन व्होटर्स' या अमेरिकी नागरी संघटनेच्या सदस्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या यादीत अणुऊर्जा पहिली होती. तज्ज्ञांच्या यादीत ती विसावी होती. तज्ज्ञ मृत्यू मोजत होते. इतर लोक त्यासोबत आणखी काही पाहत होते: हा धोका मी स्वतः पत्करला आहे का, तो माझ्या आटोक्यात आहे का, तो डोळ्यांना दिसतो का, आणि एकाच वेळी किती पिढ्यांना तो भोवू शकतो.

केवळ मृत्यू मोजले तर तज्ज्ञांचे म्हणणे खरे ठरते. 'अवर वर्ल्ड इन डेटा'च्या अंदाजानुसार दर १०० कोटी युनिट विजेमागे अपघात आणि हवेचे प्रदूषण यांमुळे होणारे मृत्यू कोळशाच्या बाबतीत सुमारे २५ आहेत, तर अणुऊर्जेच्या बाबतीत ०.०३, म्हणजे वारा आणि ऊन यांच्याच पातळीवर. फुकुशिमात किरणोत्साराने झालेला म्हणून जपान सरकारने एका कामगाराचा मृत्यू मान्य केला आहे. केरळमधील करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सार खूप जास्त आहे. तिथल्या दीर्घ अभ्यासात कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

पण त्याच फुकुशिमा प्रांतात घाईघाईच्या स्थलांतरामुळे, रुग्णालये आणि वृद्धाश्रम रिकामे करावे लागल्यामुळे आणि पुढच्या हालअपेष्टांमुळे दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. किरणोत्साराने माणसे मेली नाहीत म्हणून दुर्घटना लहान होती असे कोणी म्हणू लागले, तर गाव सोडावे लागणे ही हानी त्याच्या हिशेबात धरलेली नाही. माडबनच्या माणसाला नेमकी हीच हानी सर्वांत आधी दिसते. म्हणून मी कोणा एकाची चूक म्हणणार नाही. दोघांनी मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत.

कोळशाला एवढा विरोध का होत नाही?

होतो, पण तो संथ आणि विखुरलेला असतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे, आणि २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरचा समावेश देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत केला. तिथे छतावर राख साचते, खोकला वर्षभर असतो, पण कोणत्याही एका दिवशी स्फोट होत नाही, त्यामुळे बातमीही होत नाही. डहाणूत चिकू बागायतदारांनी आणि पर्यावरणप्रेमींनी औष्णिक केंद्राविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, आणि रत्नागिरीत जयगडच्या कोळसा प्रकल्पाला आंबा बागायतदारांनी आक्षेप घेतला. देशाची सुमारे तीन-चतुर्थांश वीज आजही कोळशातून आणि केवळ ३ टक्क्यांच्या आसपास अणूतून येते. अणुऊर्जेविषयी रात्रभर वाद घालणारे आपण, ज्या विजेच्या दिव्याखाली तो वाद घालतो ती कुठून येते याविषयी फार कमी बोलतो, याची मला मनापासून खंत वाटते.

जलविद्युत सर्वांना मान्य होती ना?

हा समज आपल्याच इतिहासाशी जुळत नाही. वीजप्रकल्पाविरुद्धचे महाराष्ट्रातील पहिले मोठे जनआंदोलन जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध झाले. मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाने जमिनी बुडणार म्हणून १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि पांडुरंग महादेव बापट त्यातूनच 'सेनापती' झाले. सावकार आणि मोठे जमीनमालक मोबदल्यावर समाधान मानायला तयार होते, कसणारे कुळ तयार नव्हते. वीज मुंबईला जाणार होती आणि पाणी मुळशीत भरणार होते. माडबनच्या सड्यावर नव्वद वर्षांनी झालेल्या भाषणांत वीज कोणाला आणि विस्थापन कोणाच्या वाट्याला, हाच हिशेब मांडला जात होता. कोयनेच्या धरणाने साऱ्या महाराष्ट्राला उजेड दिला, पण तिथल्या विस्थापितांचे पुनर्वसनाचे प्रश्न पुढच्या पिढ्यांनाही लढवावे लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात दीड-दोनशे माणसे मृत्युमुखी पडली.

एन्रॉनचा या मतांवर काही परिणाम झाला का?

माझ्या मते फार मोठा झाला. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पात इंधन वायू आणि नाफ्था होते, अणूचा संबंध नव्हता. पण परदेशी कंपनी, बंद दाराआडचा करार, १९९५ मध्ये तो रद्द करण्याची घोषणा, लगेच फेरवाटाघाटी, १९९९ मध्ये सुरू झालेली महागडी वीज आणि २००१ मध्ये बंद पडलेला प्रकल्प, हे सर्व रत्नागिरी जिल्ह्याने डोळ्यांसमोर पाहिले. दहा वर्षांनी त्याच जिल्ह्यात फ्रेंच कंपनी आणि न जाहीर झालेला वीजदर घेऊन दुसरा प्रकल्प आला, तेव्हा "प्रति युनिट दर किती?" हा प्रश्न शेतकऱ्यानेही विचारला.

निदान सौर आणि पवन ऊर्जेला तरी सर्वांचा पाठिंबा आहे का?

सर्वसाधारण पाठिंबा मोठा आहे आणि त्याचे कारण शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्यात आहे. कृषिपंपांना वीज चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्री दोन वाजता साप-विंचवाच्या आणि बिबट्याच्या भीतीत उसाला पाणी देणाऱ्याला दिवसा मिळणारी वीज हवी असते, आणि सूर्य दिवसाच असतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेला मिळालेला प्रतिसाद यातून समजतो. जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये मिळतात, हेही एक कारण आहे. तरीही गायरानावर सौर पट्ट्या उभ्या राहणार म्हटल्यावर चराईवर अवलंबून असलेली गावे विरोध करतात, आणि साताऱ्याच्या वनकुसवडे पठारापासून धुळ्याच्या साक्रीपर्यंत पवनचक्क्यांसाठी कवडीमोलाने गेलेल्या जमिनींच्या तक्रारी आहेत.

इतर देशांनी हा प्रश्न थेट मतदानाने सोडवला आहे का?

काहींनी सोडवला आहे. ऑस्ट्रियात झ्वेंटेनडॉर्फ येथील अणुवीज केंद्र बांधून तयार असताना नोव्हेंबर १९७८ मध्ये सार्वमत झाले, ५०.५ टक्क्यांनी विरोध केला आणि ते केंद्र कधीच सुरू झाले नाही. इटलीने जून २०११ च्या सार्वमतात सुमारे ९४ टक्क्यांनी अणुऊर्जा नाकारली. उलट, सेमिपालातिन्स्क येथे सोव्हिएत काळात शेकडो अणुचाचण्या सोसलेल्या कझाकस्तानने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे ७१ टक्क्यांनी अणुवीज केंद्राला होकार दिला. जर्मनीने सार्वमत न घेता, दीर्घ राजकीय वादानंतर, १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. भारतात अशा सार्वमताची तरतूद नाही. आपल्याकडे प्रकल्पाविषयी लोकांचे म्हणणे अधिकृतपणे ऐकण्याची जागा जनसुनावणी हीच आहे, आणि म्हणून ती कशी घेतली जाते याला एवढे महत्त्व आहे.

विश्वास वाढवण्यासाठी कायद्यात काय बदल झाले?

दोन्ही दिशांनी बदल झाले. अणुप्रकल्पांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, त्याचे अध्यक्ष आणि प्रकल्प चालवणाऱ्या खात्याचे सचिव एकच असतात. या रचनेवर महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये कठोर टीका केली होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या अणुऊर्जा कायद्याने या मंडळाला वैधानिक दर्जा दिला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्याच कायद्याने अणुक्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले आणि सदोष यंत्रसामग्रीबद्दल पुरवठादाराकडून भरपाई वसूल करण्याची २०१० च्या कायद्यातील तरतूद वगळली. भोपाळ अनुभवलेल्या देशात ही तरतूद लोकांच्या विश्वासाचा आधार होती, आणि ती जाण्याची किंमत लोकमताच्या रूपाने मोजावी लागेल, असे मला वाटते.

जैतापूरचे आज काय चालले आहे?

जमीन ताब्यात आहे, कुंपण आहे, अणुभट्ट्यांचे बांधकाम सुरू झालेले नाही. फ्रान्सच्या ईडीएफ कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव सादर केला. दर आणि दायित्व यांवर चर्चा लांबत गेली. याच प्रकारची फ्रान्समधील फ्लामाँव्हिल येथील अणुभट्टी २००७ मध्ये सुरुवात होऊन डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली, म्हणजे तिला सतरा वर्षे लागली. दुसरीकडे केंद्र सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचे उद्दिष्ट फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आहे, त्यामुळे हा प्रश्न माडबनच्या दारात पुन्हा येणार आहे.

आमच्या भागात प्रकल्प येणार असेल, तर आमचे मत नोंदवले जाईल हे कसे पाहावे?

२००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत प्रसिद्ध व्हावी लागते, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो. मूळ अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहता येतो. सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी घेतात, तिचे चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. लेखी हरकती आधीही देता येतात. त्या द्याव्यात, त्यांची पोच घ्यावी आणि इतिवृत्ताची प्रत मागून आपली हरकत त्यात आली आहे का ते तपासावे. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, हे विशेष लक्षात ठेवावे: गावाने बहिष्कार टाकला तरी ती झाली असेच कागदोपत्री धरले जाते. म्हणून निषेध करायचा असेल तर तोही मंडपात उभे राहून, इतिवृत्तात लिहून घेऊन करावा.